रूप पालटणारा नावाल: खेळासाठी पात्र घडवताना

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात रूप पालटणारं पात्र हवं असलं की बहुतेक जण ड्रुइडकडे वळतात. हव्या त्या प्राण्याचं रूप घ्यायचं, मार झेलायचा आणि पुन्हा माणूस व्हायचं. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या लोककथांतला नावाल वरवर पाहता असाच वाटतो. त्यामुळे ड्रुइडच्याच अंगावर जग्वारचं कातडं चढवून वेळ मारून नेली जाते. पण तिकडच्या समजुतीत प्राणी म्हणजे सोंग नव्हे, माणसाच्या जिवाचाच तो एक वाटा. प्राण्याला लागलं की माणसालाही लागतं. या एका गोष्टीवर संपूर्ण कॅरेक्टर क्लास उभा राहू शकतो.

तोनाल आणि नावाल

आधी दोन कल्पना वेगळ्या करून घेऊ. तोनाल म्हणजे जन्मापासून माणसाशी बांधलेला सोबती प्राणी. तो प्रत्येकालाच असतो. नावाल मात्र थोडेच: आपल्या मर्जीने प्राण्याचं रूप घेऊ शकणारी माणसं. बोलताना अनेक ठिकाणी हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात, पण नियम लिहिताना हा भेद फार उपयोगी पडतो.

मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या सिनाकांतान इथल्या माया लोकांत असं मानतात, की गावातल्या सगळ्यांचे सोबती प्राणी एका मोठ्या डोंगराच्या पोटात, कुंपणाच्या आत राहतात आणि पूर्वज-देव त्यांची राखण करतात. वजनदार माणसांचे सोबती जग्वार, साध्यासुध्यांचे खारीसारखे लहान प्राणी. माणूस वावगं वागला की पूर्वज त्याच्या प्राण्याला कुंपणाबाहेर काढतात. प्राणी रानात भटकतो आणि इकडे माणूस आजारी पडतो. खेळात याचा थेट नियम होतो: पात्राने गावाचा शब्द मोडला, तर प्रायश्चित्त घेईपर्यंत त्याचे कमाल हिट पॉइंट्स घटलेले राहतील.

जन्माचा दिवस, वीस बाजूंचा फासा

मध्य अमेरिकेतल्या जुन्या पंचांगात २६० दिवसांचं एक चक्र होतं. वीस चिन्हं आणि १ ते १३ आकडे, दोन्ही एकदम पुढे सरकत. अझ्टेक यादीतली दहा चिन्हं प्राण्यांची आहेत: मगर, सरडा, साप, हरिण, ससा, कुत्रा, माकड, जग्वार, गरुड आणि गिधाड. उरलेल्यांत वारा, घर, पाणी, पाऊस, फूल अशी चिन्हं येतात. आपल्याकडे पत्रिका जुळवताना जन्मनक्षत्रावरून घोडा, हत्ती, सर्प अशी योनी पाहतात, ती माहीत असणाऱ्याला जन्मवेळेचं आणि प्राण्याचं हे नातं परकं वाटणार नाही.

चिन्हं वीस आणि खेळातला मुख्य फासाही वीस बाजूंचा. तेव्हा पात्र तयार करताना फासा टाकून चिन्ह काढा आणि आकड्यासाठी पत्त्यांतल्या एका रंगाच्या तेरा पानांतून एक पान ओढा. प्राण्याचं चिन्ह आलं तर तोच सोबती. दुसरं आलं, तर मेक्सिकोतल्या ओआहाकाकडे सांगतात ती चाल वापरा: बाळ जन्मलं की घराभोवती राख पसरायची आणि तिच्यावर ज्याचे ठसे उमटतील तो त्याचा सोबती. इथे डंजन मास्टरने त्या मुलखात शोभेल असा कोयोटी किंवा घुबड द्यावं.

सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन साधू बर्नार्दिनो दे साआगून यांनी नाहुआ जाणकारांकडून जमवलेल्या माहितीत ‘एक पाऊस’ आणि ‘एक वारा’ हे दिवस जादूगारांच्या जन्माचे म्हटले आहेत. या दोन दिवसांपैकी एखादा १३० पात्रांत सरासरी एकदाच येईल. ज्याला येईल त्याला दिवसातून एक जादा रूपांतर द्या.

जखम दोघांची

टॉमस गेज हा इंग्रज पाद्री सतराव्या शतकात ग्वाटेमालात होता. १६४८ साली छापलेल्या पुस्तकात त्याने हुआन गोमेस नावाच्या म्हाताऱ्याची हकिकत दिली आहे. गोमेस मरण पावला तेव्हा गावकरी कुजबुजू लागले, की तो डोंगरात सिंहाच्या रूपात झुंजला आणि सेबास्तियन लोपेसने वाघाच्या रूपात त्याला घायाळ केलं. (तिकडचा ‘सिंह’ म्हणजे प्यूमा आणि ‘वाघ’ म्हणजे जग्वार.) रात्री प्राण्याला लागलेली जखम सकाळी माणसाच्या अंगावर सापडते, हे सूत्र या कथांत पुन्हा पुन्हा येतं.

२०१४ च्या नियमांत ड्रुइडचं प्राणीरूप म्हणजे फुकटची ढाल आहे. प्राण्याचे हिट पॉइंट्स संपले की ड्रुइड माणूस होतो आणि जादा उरलेला मार सोडला तर त्याला ओरखडाही उठत नाही. नावालसाठी हे उलटं करा. प्राण्याला बसलेल्या माराचा अर्धा भाग त्याच वेळी माणसाच्या खात्यातून वजा होईल. जग्वारला १४ चा मार बसला तर पात्राचेही ७ गेले. शिवाय जखम त्याच जागी दिसेल. रात्री पहारेकऱ्याने जग्वारच्या खांद्यात भाला खुपसला असेल, तर सकाळी बाजारात खांदा झाकून फिरावं लागेल.

एवढी किंमत घ्यायची तर मोबदलाही हवा. सोबत्याच्या संवेदना माणसाच्या रूपातही कायम राहू द्या: जग्वारवाल्याला अंधारात दिसेल, गिधाडवाल्याला दूरचं मढं कळेल.

वरच्या लेव्हलची ताकद

ड्रुइडसारखी प्राण्यांची लांबलचक यादी देऊ नका. बराच काळ एकच प्राणी राहू द्या आणि तोच बळकट होत जाऊ द्या. शेवटच्या टप्प्यासाठी किचे माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथात तयार नमुना आहे. त्यातला गुकुमात्स हा राजा सात दिवस साप होतो, सात दिवस गरुड, सात दिवस जग्वार आणि सात दिवस नुसतं साकळलेलं रक्त. अठराव्या लेव्हलला ही चारही रूपं द्या. रक्ताच्या थारोळ्याला शस्त्राने इजा होणार नाही, पण त्याला हल्लाही करता येणार नाही.

तीन वाटा

*आरशाची वाट:* तेस्कात्लिपोका या अझ्टेक देवाचं चिन्ह ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेचा आरसा, आणि जग्वार हे त्याचं रूप. या वाटेच्या पात्राला आरशात दुसऱ्याचा सोबती प्राणी दिसेल.

*झोपेची वाट:* अभिजात माया काळातल्या भांड्यांवर ‘वाय’ नावाच्या विचित्र सोबत्यांची चित्रं आहेत. स्टीफन ह्यूस्टन आणि डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८९ मध्ये त्यांचं चित्राक्षर उलगडलं. वायचा संबंध झोपेशी आणि स्वप्नाशी आहे. इथे शरीर झोपून राहतं आणि प्राणी टेहळणीला जातो. साथीदारांना झोपलेल्या देहाची राखण करावी लागते.

*पळण्याची वाट:* शोलोत्ल हा अझ्टेक देव मरण चुकवण्यासाठी आधी जोडताटाचा मका झाला, मग जोड मॅगे (घायपात), शेवटी पाण्यात शिरून अक्सोलोत्ल हा सॅलमँडर झाला आणि तिथे पकडला गेला. या वाटेला लढाऊ रूप नाही, पण निसटण्याची तीन रूपं आहेत.

चांगला की वाईट?

साआगूनच्या ग्रंथात दोन्ही प्रकार आहेत. चांगला नावाल शहाणा आणि सल्ला देणारा, वाईट नावाल लोकांवर करणी करणारा. पुढे स्पॅनिश चर्चने सगळ्यांनाच सैतानाच्या पंगतीला बसवलं. चियापासचे बिशप नुन्येस दे ला वेगा यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस नावालविद्येविरुद्ध मोहीमच उघडली होती. म्हणून क्लासला ‘दुष्ट’ असा शिक्का मारू नका. गावाला त्याची गरजही आहे आणि भीतीही, अशी जागा त्याला द्या.

जाता जाता

अझ्टेक, माया आणि झापोतेक हे वेगवेगळे लोक आहेत. त्यांच्या कथांची सरमिसळ करण्यापेक्षा एकच मुलूख निवडा आणि त्याच्याशी इमान राखा. अझ्टेकांची नाहुआत्ल भाषा बोलणारे आजही पंधरा लाखांहून अधिक आहेत, त्यामुळे हे सगळं मेलेल्या संस्कृतीचं सामान समजू नका. आणि क्लास टेबलावर आणण्याआधी एक रात्रीची लढाई खेळून बघा. प्राण्याला मार बसल्यावर खेळाडू पुढच्या चालीआधी थबकत नसेल, तर अर्ध्या माराचा नियम कडक करा.