तुपाची पारख आणि शब्दांची पारख

बाजारात माल घेण्याची आमची रीत पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. पोत्याच्या पोटातून मूठभर दाणे काढावयाचे, तळहातावर घेऊन फुंकर मारावयाची, एखादा दाताखाली फोडून पाहावयाचा आणि मगच भावाची गोष्ट. विकणारा सोयरा असला तरी वानगी पाहिल्यावाचून सौदा होत नाही, आणि त्याचा कोणास रागही येत नाही. तोच व्यापारी सायंकाळी वर्तमानपत्र उघडतो किंवा निवडणुकीच्या दिवसांत सभेला जाऊन बसतो, तेव्हा मात्र समोर आलेला शब्द वानगी न पाहताच पदरात घेतो. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे; आणि त्यासाठी आमच्यापैकी पुष्कळांच्या दुकानांत एके काळी रचलेल्या मालापासूनच आरंभ करू.

१९३७ साली ‘डालडा’ बाजारात आले. वनस्पती तेलातून निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू सोडला म्हणजे ते घट्ट व रवाळ बनते; मूळ तेलाचे, रूप तुपाचे. तुपावर वाढलेल्या गृहिणीच्या गळी हे उतरवावयाचे कसे, हा विकणाऱ्यांपुढचा प्रश्न होता. त्यांनी जे केले त्याचे कौतुक कोणाही व्यापाऱ्याने करावे. पिवळा डबा, त्यावर ताडवृक्षाचे चित्र. डब्याच्याच आकाराची मोटार रस्त्यांतून फिरे. ठिकठिकाणी पदार्थ तळून लोकांना चाखावयास देत. चित्रपटगृहांतून बोलपट दाखवीत. मागाहून जाहिरातींत आई आली, मुले आली, वाढलेले ताट आले. ‘हे तूप आहे’ असे म्हणण्याची गरजच पडली नाही. माया, पोषण, सचोटी या गोष्टी डब्याशेजारी नुसत्या मांडल्या, आणि त्यांची जोडणी पाहणाऱ्याने आपल्या मनात आपणच केली. जाहिरातीची पहिली खूण आम्हांस ही वाटते. तिच्यातील वाक्ये तपासून खोटेपणा सापडेलच असे नाही. न बोललेले काय आपल्या मनात तयार झाले, ते तपासावे लागते.

विरोधकांचा प्रचारही याहून वेगळा नव्हता. १९४६ च्या सुमारास गांधीजींनी वनस्पतीवर टीका केली, संसदेत बंदीची मागणी झाली. येथपर्यंत वाद रास्त होता. पण वनस्पतीने डोळे जातात अशी बोलवा गावोगाव झाली. एकीकडे आईचे प्रेम, दुसरीकडे अंधत्वाचे भय. रसायन कोणीच समजावून दिले नाही. मौजेची म्हणा वा खेदाची म्हणा, गोष्ट अशी की वनस्पतीतील खरा दोष दोन्ही पक्षांच्या बोलण्यात नव्हता. अर्धवट घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स मेद हृदयास अपायकारक असतात, हे १९९० नंतरच्या संशोधनाने ठसठशीतपणे पुढे आले, आणि आपल्याकडे त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणणारा नियम २०२२ च्या जानेवारीत लागू झाला.

वनस्पतीची भेसळ तुपात होऊ लागली तेव्हा सरकारने एक युक्ती केली. वनस्पतीत शेकडा पाच भाग तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे केले. संशयित तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व थोडे फर्फ्युरल घालून हलविले की तिळाच्या तेलामुळे आम्लाच्या थरास किरमिजी रंग चढतो आणि लबाडी उघडी पडते. अस्सलाच्या रूपाचा नकली माल खपविण्यास आमच्या शास्त्रकारांनी ‘प्रतिरूपक व्यवहार’ असे नेमके नाव देऊन तो अचौर्यव्रताचा अतिचार मानला, हे वाचकांस ठाऊकच आहे. पण शब्दांत तिळाचे तेल घालण्याची सक्ती कोणी केलेली नाही. तेथे किरमिजी रंग आपणांसच काढावा लागतो.

तो किती कठीण असतो याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर काही तरुणींनी सर्वांदेखत सिगारेटी पेटविल्या. त्या काळी स्त्रीने रस्त्यात धूम्रपान करणे निंद्य समजत. या तर ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे सांगण्यात आले, आणि वृत्तपत्रांनी ते वार्ता म्हणून छापले. या वार्तेची योजना एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाने केली होती आणि त्याचे पैसे एका तंबाखू कंपनीकडून येत होते. येथे जाहिरात नव्हतीच. विक्रेता दृष्टीआड, पुढे स्वातंत्र्य. पुढे धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध शास्त्रज्ञ दाखवू लागले, तेव्हा ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत तंबाखू कंपन्यांचे निवेदन झळकले. ग्राहकांचे आरोग्य आम्हांस सर्वांत महत्त्वाचे, संशोधनास आम्ही साहाय्य करू, मात्र गोष्ट अजून सिद्ध झालेली नाही, असा त्याचा आशय होता. विकावयाचा माल आता संशय हा होता. या कंपन्यांनी लोकांस अनेक दशके फसविले, असा निर्णय तेथील न्यायालयाने दिला तो २००६ साली. दुकानात उसनवार मागणाऱ्याला आम्ही प्रथम ‘पैसे कोण भरणार?’ असे विचारतो. बातमीलाही तेच विचारावे. भ्रमणध्वनीवर कोणी तिसऱ्यानेच पुढे धाडलेल्या संदेशाला तर अवश्य विचारावे, कारण त्यावर बहुधा पेढीचे नावही नसते.

राजकारणात माल दिसत नाही, म्हणून तेथे आम्ही आणखी एक कसोटी लावतो: घोषणा उलटी करून पाहावी. १९७१ च्या निवडणुकीतील ‘गरिबी हटाओ’ घ्या. गरिबी राहू द्या, असे म्हणणारा पक्ष कोठे सापडेल? २००४ च्या निवडणुकीपूर्वी ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती सरकारी खर्चाने निघाल्या, देश अंधारात राहो, असे कोणास वाटते? जिची उलट बाजू कोणी उच्चारूच शकत नाही, त्या घोषणेत मनाला ऊब मिळते, हिशेब मिळत नाही. गरिबी कोणत्या कराने, किती वर्षांत, कोणाच्या वाट्यातून हटणार, हे शब्द घोषणेबाहेरच राहतात.

गोव्यातील आमच्या बंधूंना १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल सांगावयास नको. महाराष्ट्रात विलीनीकरण की संघराज्य प्रदेश म्हणून वेगळे राहणे, हा राज्यघटनेचा प्रश्न. मतपत्रिकेवर मात्र फूल आणि दोन पाने. मनेही त्याच चित्रांभोवती गोळा झाली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. कोणता पक्ष बरोबर होता, हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. आमच्या सभासदांत दोन्ही मतांचे लोक आहेत आणि वार्षिक सभा शांततेत पार पडावी अशी कार्यकारिणीची इच्छा आहे! सांगावयाचे ते एवढेच की पणजीचा ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा आणि मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरुद्ध बाजूचा, आणि दोन्ही मराठीच. एकच पत्र वाचणाऱ्यास दुसऱ्या बाजूचा माणूस केवळ फितूर वाटला असेल. दोन्ही पत्रे घरात येत असतील त्याला निदान एवढे तरी कळले असेल की शेजाऱ्याजवळही कारणे आहेत. दोन आडत्यांकडून भाव विचारल्यावाचून आम्ही गुळाची एक ढेपही उचलत नाही, ती याचसाठी.

या स्मरणिकेचा छपाईखर्च मागील पानांवरील जाहिरातींतून निघतो. त्यांतील ‘शुद्ध’, ‘उत्कृष्ट’ व ‘माफक’ हे शब्द वाचकांनी एकदा मोजून पाहावेत. आमच्या पेढीची जाहिरातही तेथेच आहे आणि तीत ‘खात्रीचा माल’ असे मोठ्या टाइपात छापले आहे. खात्री कोणाची व कशाची, ते लिहिलेले नाही. पुढील वर्षी त्याऐवजी माल कोठून येतो, वजन किती आणि बिघडलेला माल किती दिवसांत परत घेऊ, एवढेच छापावे असे आमच्या मनात आहे. अशाने गिऱ्हाईक फिरकणार नाही, असे चिरंजीवांचे मत पडले. बोलणे अजून चालू आहे.