सामना युरोपात, धडधड आपल्या छातीत

सोमवारी सकाळी दवाखान्यात येणाऱ्या तरुण पेशंटांच्या तक्रारी अलीकडे ठरावीक झाल्या आहेत. डोके जड आहे, पित्त उसळले आहे, डोळे चुरचुरतात, कामावर जाववत नाही, एका दिवसाचे सर्टिफिकेट मिळेल का? नाडी आणि रक्तदाब पाहून झाला की मी एवढेच विचारतो, "काल रात्री कुणाची मॅच होती?" मग पेशंट ओशाळून हसतो आणि माद्रिद, मिलान किंवा मँचेस्टर यांपैकी एखादे नाव घेतो.

कोल्हापूरकरांना फुटबॉलचे वेड नवे नाही. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचा सामना असला की पेठेच्या पेठा तिकडे लोटतात. त्या वेडाला आता युरोपची जोड मिळाली आहे. मी स्वतःही त्यातलाच. १९९० चा विश्वचषक मिरजेच्या वसतिगृहात दूरदर्शनवर रात्री जागून पाहिला, पुढे केबल आली आणि इंग्लंडचे सामने घरात आले. तेव्हा फुटबॉल पाहू नका, असे सांगणारा हा लेख नव्हे. शनिवार-रविवारचे सामने पाहणाऱ्याने आपली प्रकृती कशी सांभाळावी, एवढाच आजचा विषय आहे.

घड्याळाचा हिशेब

हिवाळ्यात इंग्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते; स्पेन, इटली आणि जर्मनीचे साडेचार तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात हा फरक एका तासाने कमी होतो.

आता हिवाळ्यातला शनिवार घ्या. इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे संध्याकाळी सहाला लागतो. तिथले तीनचे सामने आपल्याकडे रात्री साडेआठला आणि साडेपाचचा सामना अकराला. गंमत म्हणजे शनिवारी दुपारी तीनचे सामने खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लहान क्लबांच्या मैदानावरची गर्दी कमी होऊ नये म्हणून तिथे १९६० च्या दशकापासून तसा नियम आहे. म्हणजे लिव्हरपूलच्या माणसाला घरी बसून जो सामना दिसत नाही, तो शिवाजी पेठेत दिसू शकतो! इटलीचा रात्री पावणेनऊचा सामना आपल्याकडे सव्वाला आणि स्पेनचा नऊचा सामना दीडला सुरू होतो. मध्यंतर धरून तो साडेतीनच्या सुमारास संपतो. रविवारी पुन्हा हेच चक्र, आणि सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचे.

सामना संपला म्हणजे लगेच झोप लागते, असेही नाही. उत्तेजित झालेले शरीर निवायला वेळ लागतो. पडद्याच्या प्रखर उजेडाने मेंदूतील मेलाटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक पाझरायचे लांबते. लागोपाठ दोन रात्री तीन-चार तासांची झोप झाली की रक्तदाब वाढतो, साखरेचा ताबा सुटतो, भूक वाढते आणि चिडचिड होते. सर्वांत मोठा धोका रस्त्यावर असतो. पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणारा किंवा एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला मोटारसायकलवरून जाणारा माणूस क्षणभर पेंगला तरी पुरे. दारू प्यायलेल्या चालकाइतकाच झोप न झालेला चालकही घातक असतो.

पाहणाऱ्याच्या हृदयावर ताण

"डॉक्टर, धावतात ते खेळाडू. आम्ही नुसते बसलेलो असतो. आमच्या हृदयाला काय होणार?" असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर असे की शरीराला अंगावर आलेले संकट आणि पडद्यावरची पेनल्टी यांतला फरक फारसा कळत नाही. दोन्ही वेळी ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. निरोगी माणूस हे सहज सोसतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर आधीच साचलेला आहे, त्याच्या बाबतीत तो थर फुटून तिथे गुठळी होऊ शकते. हाच हार्ट ॲटॅक.

याचा अभ्यास युरोपातच झाला आहे. २००६ चा विश्वचषक जर्मनीत होता. त्या वेळी म्युनिक आणि परिसरातील डॉक्टरांनी हृदयाच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण इतर दिवसांच्या सुमारे २.६६ पट आढळले. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट होते आणि स्त्रियांत १.८२ पट. ज्यांना हृदयविकार असल्याचे आधीच माहीत होते, त्यांच्यात ते चौपट होते. सर्वांत जास्त रुग्ण सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत आले. १९९८ च्या विश्वचषकात ३० जूनला इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरले. त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत इंग्लंडमध्ये हार्ट ॲटॅकने दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली होती. क्लबांच्या सामन्यांनाही हे लागू पडते. उत्तर इंग्लंडमधील एका अभ्यासात स्थानिक संघ घरच्या मैदानावर हरला त्या दिवशी हृदयविकार आणि पक्षाघात यांनी होणारे पुरुषांचे मृत्यू वाढलेले दिसले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इटलीतील एका पाहणीत सामन्यांच्या काळात अशी वाढ आढळली नाही. फ्रान्सने १२ जुलै १९९८ रोजी विश्वचषक जिंकला, त्या दिवशी तर फ्रेंच पुरुषांत हार्ट ॲटॅकचे मृत्यू उलट कमी नोंदले गेले. तेव्हा प्रत्येक प्रेक्षकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा तंबाखूचे व्यसन असलेल्याने मात्र सावध राहावे.

दोन प्रशिक्षक, दोन सामने

जॉक स्टीन हे स्कॉटलंडचे थोर प्रशिक्षक. त्यांच्याच हाताखाली १९६७ मध्ये सेल्टिक संघाने युरोपियन चषक जिंकला. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना होता. स्कॉटलंडला बरोबरी हवी होती आणि शेवटच्या दहा मिनिटांत पेनल्टीवर ती मिळाली. सामना संपता संपता स्टीन मैदानाशेजारी कोसळले आणि तिथल्याच वैद्यकीय खोलीत मरण पावले. वय होते ६२. त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरले होते. लघवीवाटे पाणी काढणारी आपली गोळी त्यांनी त्या दिवसांत घेतली नव्हती, असे सांगितले जाते.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. माझ्याकडचेही काही पेशंट मॅचच्या दिवशी पाण्याची गोळी टाळतात, कारण ती घेतली की सारखे उठावे लागते. एक गोल चुकला तर तो पुन्हा दाखवतात. चुकलेल्या गोळीची भरपाई नेहमी होतेच असे नाही.

दुसरे प्रशिक्षक लिव्हरपूलचे जेरार्ड उल्ये. १३ ऑक्टोबर २००१, शनिवार. लीड्सविरुद्ध घरच्या मैदानावर सामना चालू असताना मध्यंतरात त्यांना छातीत त्रास जाणवला. संघाच्या डॉक्टरांनी तपासून त्यांना लगेच रुग्णालयात हलवले. महारोहिणी आतून चिरली असल्याचे निदान झाले. या आजारात तासागणिक जीव जाण्याचा धोका वाढतो. त्यांच्यावर सुमारे अकरा तास शस्त्रक्रिया चालली. पुढच्या मार्चमध्ये ते पुन्हा संघाजवळ उभे होते, आणि त्यानंतर ते अठरा वर्षांहून अधिक जगले. त्यांच्या लिव्हरपूलचा उत्तरार्ध त्यांच्याशिवाय पार पडला आणि सामना बरोबरीत सुटला.

सात तास

गेल्या हिवाळ्यात सोमवारी सकाळी साडेनऊला एक दुकानदार माझ्याकडे आले. वय ५२, आठ वर्षांचा मधुमेह, दिवसाला आठ-दहा सिगारेटी. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घाम.

"मालक, दुखायला कधी लागलं?"

"रात्री सव्वादोनला, साहेब. मॅचचा हाफ टाइम झाला तवा. म्हटलं, पित्त असंल. एक-एक चालली होती, संपू दे म्हटलं. मग घरात सगळी झोपलेली, कुणाला उठवायचं?"

कार्डिओग्राम काढला, निदान स्पष्ट होते. त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. परंतु दुखायला लागल्यापासून इथे येईपर्यंत सात तास गेले होते. रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. आज त्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद निम्म्यावर आली आहे. दुकानाच्या माळ्यावर ते आता चढू शकत नाहीत. पहिल्या तासात आले असते तर पुष्कळ वाचले असते.

हार्ट ॲटॅकचे दुखणे नेहमी छातीच्या डाव्या बाजूलाच होते असे नाही. छातीच्या मध्यभागी दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दम लागणे, दरदरून घाम, मळमळ, यांपैकी काहीही असू शकते. मधुमेह्यांत आणि स्त्रियांत कधी कधी दुखणे जाणवतही नाही, नुसता दम आणि घाम असतो. अशा वेळी घरच्यांना उठवा आणि १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खा.

शेजारचा कोसळला तर

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्क आणि फिनलंड यांचा सामना चालू होता. पूर्वार्ध संपत आला असताना डेन्मार्कचा ख्रिस्तियान एरिक्सन धावता धावता कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानावरच छाती दाबायला सुरुवात झाली, विजेचा झटका दिला गेला आणि तो शुद्धीवर आला. छातीत झटका देणारे यंत्र बसवून २०२२ मध्ये तो पुन्हा इंग्लंडमध्ये खेळूही लागला. त्याच वर्षी, म्हणजे १७ ऑक्टोबर २०२१ ला, न्यूकॅसलच्या मैदानावर एक प्रेक्षक कोसळला. टॉटनहॅमच्या सर्जिओ रेगिलॉनने ते पाहून पंचांचे लक्ष वेधले. सामना थांबवण्यात आला, उपचार झाले आणि तो प्रेक्षक वाचला.

आपल्याकडे चौकात पडदा लावून पाचशे जण सामना पाहतात. त्यांतल्या किती जणांना छाती दाबता येते? माणूस निपचित पडला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला फोन करायला सांगा. लगेच छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून, कोपरे ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. प्रत्येक तालमीने आणि मंडळाने वर्षातून एकदा याचे शिबिर घ्यावे. शिकवायला मी येईन, माझे व्यवसायबंधूही येतील.

सिगारेट आणि फरसाण

सामन्याच्या ताणात हात आपोआप खिशाकडे जातो. बार्सिलोनाचे प्रशिक्षक योहान क्रायफ पूर्वी कट्टर धूम्रपानी होते. १९९१ मध्ये त्यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी सिगारेट सोडली. त्यानंतर ते सामन्यात काडीवरची गोळी चोखत बसत. पुढच्याच वर्षी बार्सिलोनाने पहिला युरोपियन चषक जिंकला. सिगारेटशिवाय सामना सोसवत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. क्रायफ २०१६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. म्हणून सोडायची तर लवकर सोडावी.

रात्री एक वाजता भजी, फरसाण आणि कोल्ड्रिंक पोटात गेले तर पित्त होणारच. जेवण नेहमीच्या वेळी करा. मधुमेह्यांनी इन्शुलिन किंवा गोळी घेऊन सामन्यासाठी जेवण लांबवू नये. साखर एकदम उतरते.

शनिवार-रविवारसाठी सूचना

१. आठवड्यात एकच उशिराचा सामना निवडा. बाकीचे दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगमध्ये पाहा.
२. रात्री जागायचे असेल तर दुपारी अर्धा तास झोप घ्या. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा.
३. जागरण झालेल्या सकाळी स्वतः गाडी चालवू नका.
४. रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची एकही गोळी चुकवू नका.
५. मध्यंतरात उठून चाला, पाणी प्या.
६. हृदयविकार असलेल्याने रात्री एकट्याने सामना पाहू नये. घरात कुणाला तरी सांगून ठेवावे.
७. छातीत दुखले तर टीव्ही तिथेच सोडून निघा.

पुढच्या शनिवारी पुन्हा सामने आहेत, त्याच्या पुढच्या शनिवारीही आहेत. ते सगळे पाहायला आपण असलो पाहिजे.