जिंकलात, आता तिकिटं काढा

पुणे जिल्ह्याच्या नकाशात लोणावळा अगदी पश्चिमेच्या कडेला. घाट उतरला की रायगड जिल्हा सुरू. महाविद्यालयीन खेळांच्या हिशेबात मात्र लोणावळ्यासकट मावळ तालुक्यातली कॉलेजं ज्या 'पुणे जिल्हा' विभागात धरली जातात, तो पूर्वेला पार इंदापूर-बारामतीपर्यंत आणि उत्तरेला जुन्नरपर्यंत पसरलेला. लोणावळ्याच्या डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालयातल्या किंवा तळेगावच्या इंद्रायणी महाविद्यालयातल्या मुलांचे कबड्डीचे सामने बारामतीत लागले, तर एका बाजूचा प्रवासच दीडशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. सकाळी नऊला वजनं आणि ओळखपत्रांची तपासणी असेल, तर पहाटेच्या काळोखात गाडी काढायची, नाहीतर आदल्या दिवशी मुक्कामाला जायचं. मुक्काम म्हणजे जेवण, आणि जेवण म्हणजे पैसे. मैदानावर पहिली चढाई होण्याआधीच जिमखान्याच्या खात्यातून रक्कम बाहेर पडलेली असते.

आणि ही तर पहिलीच पायरी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांचा. कॉलेजांचे संघ आधी आपापल्या विभागात खेळतात. त्यातून विभागाचा संघ निवडला जातो, विभाग एकमेकांशी भिडतात आणि मग विद्यापीठाचा संघ तयार होतो. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथली विद्यापीठं या विभागात येतात. ही स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, भरवतो. या संस्थेची मुळं 1925 सालच्या आंतरविद्यापीठ मंडळात आहेत. पश्चिम विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत जातात. म्हणजे कामशेत-वडगावकडच्या एखाद्या मुलाला देशपातळीवर पोचायचं, तर इतक्या वेळा प्रवास आणि दर प्रवास आधीच्यापेक्षा लांबचा.

खर्च कुणाचा? कॉलेजच्या संघाचा कॉलेज करतं, विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या जिमखाना शुल्कातून. विद्यापीठाच्या संघाचा खर्च विद्यापीठ करतं, टीए-डीएच्या ठरलेल्या दरांनी. यजमान विद्यापीठ राहण्याची सोय बघतं. कधी वसतिगृह मिळतं, कधी एखाद्या वर्गात गाद्या टाकून दिल्या जातात. कागदावर व्यवस्था नीट आहे. अडचण येते ती वेळेची. रक्कम मंजूर होते एका तारखेला, हातात पडते दुसऱ्या तारखेला, आणि रेल्वे तिकीट काढायचं असतं या दोन्हींच्या आधी. मधली फट बहुतेक वेळा क्रीडा संचालक भरून काढतात. ते स्वतःच्या खिशातून पैसे घालतात आणि परत आल्यावर पावत्या चिकटवत बसतात. जेवणाची पावती न देणारा ढाबा, सुटे नसलेला रिक्षावाला, मीटरपेक्षा जास्त घेणारी जीप, हे सगळं व्हाउचरवर बसवताना त्यांची संध्याकाळ जाते. महाविद्यालयीन खेळ चालतात ते बऱ्याच अंशी या माणसांच्या उधारीवर, आणि ही गोष्ट कुठल्याच अहवालात येत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, पश्चिम विभागाचे कबड्डीचे सामने ग्वाल्हेरला आहेत. 12 खेळाडू, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक, असे 14 जण. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने स्लीपरचं भाडं माणशी 600 रुपये धरू. जाऊन-येऊन 16,800 झाले. सहा दिवसांचं जेवणखाण माणशी रोज 300 रुपयांनी 25,200. स्थानिक प्रवास, प्रथमोपचार, पाणी, किरकोळ यांना पाच हजार. एकूण 47 हजार. आकडे गृहीत आहेत, पण शाळा-कॉलेजचा संघ घेऊन कधी प्रवास केलेल्या माणसाला ते वाढवून सांगितलेले वाटणार नाहीत.

खरी कसोटी लागते परतीच्या तिकिटाला. आंतरविद्यापीठ कबड्डीचे सामने साधारणपणे आधी बाद पद्धतीने आणि शेवटच्या चार संघांत साखळी पद्धतीने होतात. पहिलाच सामना हरलात तर त्याच संध्याकाळी मोकळे. जिंकत गेलात तर अजून चार दिवस मुक्काम. मग परतीचं आरक्षण कोणत्या तारखेचं काढायचं? लवकरचं काढलं आणि संघ जिंकला, तर ते रद्द करून पैसे कापून घ्यायचे. उशिराचं काढलं आणि संघ हरला, तर रिकामे दिवस 14 माणसांना जेवू घालायचं. त्यात नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 दिवसांऐवजी 60 दिवस आधी उघडतं. संघाची अंतिम यादी त्याच्याही बऱ्याच नंतर लागते. एका अर्जावर सहा प्रवासी बसतात, म्हणजे 14 जणांचे तीन अर्ज. त्यांपैकी एक कन्फर्म आणि दोन वेटिंगवर असा प्रकार झाला, की उरतो तत्काळ. तिथे एका तिकिटावर चारच जण. स्लीपरची खिडकी प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी 11 वाजता उघडते. चार मोबाइल, चार जण, आणि सगळ्यांचं बोट एकाच बटणावर. एवढ्या लांबच्या प्रवासाला तत्काळचे माणशी 200 रुपयांपर्यंत जादा जातात. 14 जणांचे 2,800, तेही फक्त एका बाजूचे.

या हिशेबात पूर्वी एक मोठा आधार होता. राज्य आणि अखिल भारतीय स्पर्धांना जाणाऱ्या खेळाडूंना रेल्वे स्लीपरच्या मूळ भाड्यात 75 टक्के सवलत देत असे. वरच्या उदाहरणात 12 खेळाडूंचे दहा हजारांच्या आसपास वाचले असते. 20 मार्च 2020 पासून, करोनाच्या सुरुवातीला, रेल्वेने बहुतेक सवलती थांबवल्या. विद्यार्थी, रुग्ण आणि दिव्यांग यांच्या काही सवलती चालू ठेवल्या. खेळाडूंची सवलत त्या यादीत नव्हती. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीवर संसदेत प्रश्न आले, वर्तमानपत्रांत अग्रलेख झाले. खेळाडूंसाठी तेवढा आवाज कुणी उठवला नाही. विद्यार्थी म्हणून मिळणारी सवलत घरी जाण्यासाठी किंवा शैक्षणिक सहलीसाठी असते. सामन्याला जाणारा विद्यार्थी त्या चौकटीत बसत नाही. हे बदलायला हवं, आणि बदलायला फार मोठा पैसा लागणार नाही.

मावळातल्या घरांना वेगळीही झळ बसते. कॉलेजांचे सामने पावसाळा सरता सरता रंगात येतात, आणि नेमका तोच काळ भातकापणीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंद्रायणी भाताचं पीक उभं असताना घरातला धट्टाकट्टा मुलगा आठवडाभर परराज्यात जाणार म्हटल्यावर त्याच्या जागी मजूर लावावा लागतो. शिवाय कबड्डी मातीतून मॅटवर गेल्यापासून बुटांचा खर्च वाढला. मातीत अनवाणी खेळून तयार झालेल्या पायाला मॅट वेगळी लागते. सरावाला मॅट नसलेल्या गावचा मुलगा थेट स्पर्धेत तिच्यावर उतरला, तर वळताना गुडघा दुखावतो. ते औषधपाणीही घरच्याच खर्चात. तरीही घरचे त्याला पाठवतात, कारण राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. कोणतं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं याचे नियम काटेकोर आहेत, पण आशा धरायला तेवढं पुरतं.

मराठी माणसाला या विषयातलं सर्वांत मोठं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे मल्ल. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला जाण्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. 1952 ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसा पुन्हा आडवा आला. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असं सांगितलं जातं. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड लावून ते कर्ज फेडायला हातभार लावला. या गोष्टीचं कौतुक पुष्कळ होतं. पण प्राचार्यांचं घर ही काही क्रीडानिधीची जागा नव्हे, हे मात्र त्या कौतुकात कुणी म्हणत नाही.

पैसा मुबलक असला तर प्रश्न सुटतो, असंही नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा अब्जावधी डॉलरचा व्यवहार. हंगाम संपल्यावर निवडक संघांना 'बोल' सामन्यांचं निमंत्रण येतं. 1 जानेवारी 2011 रोजी अॅरिझोनातल्या फिएस्टा बोलमध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ ओक्लाहोमाविरुद्ध खेळला. निमंत्रणासोबत अट होती, संघाने स्वतः 17,500 तिकिटं घ्यायची आणि आपल्या चाहत्यांना विकायची. देशाच्या दुसऱ्या टोकाला, नववर्षाच्या दिवशी, महागडं विमानभाडं भरून किती लोक जाणार? तिकिटांचा बहुतेक गठ्ठा विद्यापीठाच्याच गळ्यात पडला. खेळाडू, वाद्यवृंद, पदाधिकारी यांचा प्रवास आणि हॉटेलं वेगळीच. विद्यापीठ ज्या लीगचं सदस्य होतं तिने खर्चापोटी रक्कम दिली, तरीही शेवटी तोटा 16 लाख डॉलरच्या पुढे गेला. मैदानावर 48-20 असा पराभव झाला तो वेगळा.

त्या प्रकरणानंतर तिथे बरीच टीका झाली. आज तिथल्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, जी 2024 च्या हंगामापासून 12 संघांची झाली, प्रत्येक फेरीत पोचणाऱ्या संघाच्या खर्चासाठी ठरावीक रक्कम वेगळी ठेवली जाते. आपल्याकडच्या माणसाने त्या आकड्यांनी दिपून जायचं कारण नाही. घेण्याजोगी गोष्ट एवढीच की पुढच्या फेरीचा पैसा फेरी सुरू होण्याआधीच नावावर पडलेला असतो. आपल्याकडे पहिल्या फेरीची तरतूद होते. अंतिम फेरीत पोचलेल्यांसाठीही अलीकडे सोय झाली आहे. मधल्या जिन्यासाठी मात्र काही नाही.

खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा हे त्या वरच्या सोयीचं उदाहरण. पहिली स्पर्धा 2020 मध्ये भुवनेश्वरला झाली आणि पदकतालिकेत पुणे विद्यापीठ पंजाब विद्यापीठाच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर आलं. बेंगळूरुच्या 2022 च्या स्पर्धेत योगासनं आणि मल्लखांबही आले. लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली, त्या गावाला ही बातमी खास जवळची. या स्पर्धेत पोचलेल्या संघांच्या प्रवासाची काळजी घेतली जाते, आणि खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिना 10 हजार रुपये भत्ता मिळतो. पण सांघिक खेळांत तिथे पोचतात ते आंतरविद्यापीठ स्पर्धांत वरचे क्रमांक मिळवणारे. म्हणजे सरकारी पैशापर्यंत जाणारा रस्ता त्याच स्लीपरच्या डब्यातून जातो.

पैसा गावात नाही असं कुणी म्हणू नये. मे 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या घाटात बैलगाडा शर्यत झाली, तेव्हा बक्षिसांत जेसीबी, ट्रॅक्टर आणि दुचाक्यांची रांग होती. मावळात हिवाळा सुरू झाला की प्रकाशझोतातल्या कबड्डी आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा भरतात. जर्सीच्या पाठीवर रिसॉर्ट, जमिनीचे व्यवहार करणारे, बांधकामवाले यांची नावं असतात. त्या स्पर्धांतून खेळ जिवंत राहिला, हे मान्यच. पण देणारा जिथे फलक लागतो तिथे देतो. ग्वाल्हेरच्या वसतिगृहात फलक लागत नाही. प्रो कबड्डीत 2023 च्या लिलावात पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाखांची बोली लागली आणि पुणेरी पलटणने 2024 मध्ये विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून गावोगावच्या मुलांची नजर तिकडे आहे. नजर ठरली, पण तिथवर जाण्याचा मधला प्रवास अजून ज्याचा त्यानेच करायचा.

उपाय अगदी जवळचे आहेत. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाच्या खर्चात ग्रामीण आणि राष्ट्रीय मान्यतेच्या खेळांचं प्रशिक्षण बसतं. तळेगावची एमआयडीसी मावळातच आहे. कॉलेजांनी एकत्र येऊन सरावासाठी दोन मॅट, वर्षभराचा प्रशिक्षक आणि स्पर्धापूर्व शिबिर एवढंच या निधीतून मागितलं, तर जिमखाना शुल्काचा तेवढा भाग प्रवासाला मोकळा होईल. विद्यापीठाकडून दोनच गोष्टी हव्यात. संघ जाहीर होतो त्याच दिवशी उचल खात्यात जमा व्हावी, आणि बाद फेरी ओलांडणाऱ्या संघाच्या जादा मुक्कामाची रक्कम आधीच मंजूर असावी, म्हणजे व्यवस्थापकाला साखळी फेरीच्या आदल्या रात्री फोनवर परवानग्या मागाव्या लागणार नाहीत. तिसरं काम रेल्वेचं. ते मावळच्या आणि पुण्याच्या खासदारांनी हाती घ्यावं. खेळाडूंची 75 टक्क्यांची सवलत नव्याने शोधून काढायची नाही, 2020 पर्यंत ती भाडेनियमांत होतीच.