जुनी डिझेल गाडी घेताना छातीचाही विचार करा

गेल्या पंधरवड्यात येलदरी कॅम्पावरून एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाला दम्याचा त्रास आहे. थंडी सुरू झाली की रात्रीचा खोकला आणि पहाटे छातीत घरघर, हे ठरलेले. तपासणी झाली, पंप कसा ओढायचा हे मुलाकडून पुन्हा करवून घेतले, चिठ्ठी लिहून दिली. तरी गृहस्थ उठेनात.

"डॉक्टरसाहेब, एक विचारायचं होतं. दवाखान्याचं नाही, गाडीचं."

परभणीतल्या एका एजंटाकडे २०१२ सालची डिझेल टॅव्हेरा आली होती. आईला दवाखान्यात नेणे, लग्नकार्य, बाजारहाट, सगळ्याला उपयोगी. किंमत आवाक्यात. पण गॅरेजवाल्या भाच्याने कानावर घातले होते की या गाडीच्या धुरात मागे काही लबाडी निघाली होती. "पोराची छाती अशी. गाडी दारातच उभी राहणार. घ्यावी का नाही, तुम्हीच सांगा."

गाडीची किंमत ठरवणे हे डॉक्टरचे काम नव्हे. परंतु प्रश्न मुलाच्या छातीचा होता, म्हणून उत्तर देणे भाग होते. आणि आपल्या भागात जुन्या डिझेल गाड्या घेणारी मंडळी पुष्कळ असल्याने ते उत्तर सर्वांसाठीच इथे सविस्तर मांडतो.

भाच्याने सांगितले ते खरे आहे. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्स इंडिया या कंपनीने २००५ ते २०१३ या काळात बनवलेल्या सुमारे १,१४,००० टॅव्हेरा गाड्या परत मागवल्या. कंपनीच्याच काही कर्मचाऱ्यांनी कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बाजूला काढून, तीच तपासणीच्या गाड्यांत बसवली होती. तपासणीला एक इंजिन आणि गिऱ्हाइकाला दुसरे, असा तो प्रकार. कंपनीने हे सरकारला स्वतःहून कळवले आणि संबंधितांना कामावरून काढले. पुढे २०१७ च्या अखेरीस या कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली.

दुसरे प्रकरण जगभर गाजले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन कंपनीवर ठपका ठेवला. त्या आधी तिथल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहानशा गटाने मोजणीचे यंत्र गाडीतच ठेवून ती शेकडो मैल रस्त्यावर चालवली आणि प्रयोगशाळेतले आकडे व रस्त्यावरचे आकडे यांचा मेळ बसेना. गाडीतल्या संगणकाला "आता तपासणी चालू आहे" हे ओळखता येत होते. तेवढ्या वेळापुरती गाडी सभ्यपणे वागे, आणि रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड हा वायू मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत सोडी. शाळा तपासनीस आल्यावर वर्ग कसा चिडीचूप होतो, ते आठवावे.

याचा धागा आपल्या महाराष्ट्राशीही आहे. फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकणला, तर स्कोडा आणि ऑडी गाड्यांचा कारखाना आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. पुण्याच्याच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने भारतातल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा हा वायू बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरला. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० डिझेल गाड्या परत बोलावून त्यांच्या संगणकातील प्रणाली बदलून देण्याचे जाहीर झाले. भारतातले नियम आपण मोडलेले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. कोर्टकचेरीचा भाग इथेच सोडून देऊ. या गाड्या आज कुठे आहेत, हा आपला प्रश्न. त्या जुन्या बाजारात आहेत, तालुक्याच्या गावी आहेत, आपल्या दारात आहेत.

आता हा नायट्रोजन ऑक्साइड छातीचे काय करतो ते पाहू. हवेत मुळातच नायट्रोजन भरपूर असतो. डिझेल इंजिनात उष्णता आणि दाब फार वाढतो, त्यामुळे तो ऑक्सिजनशी जोडला जाऊन हे वायू तयार होतात. त्यातला नायट्रोजन डाय-ऑक्साइड श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला डिवचतो. धडधाकट माणसाला थोड्या प्रमाणात काही जाणवणारही नाही. पण दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आधीच चिडकी असते. ती सुजते, आकसते आणि घरघर सुरू होते. उन्हात याच वायूपासून ओझोन तयार होतो, तोही छातीला तितकाच वाईट.

दुसरा शत्रू म्हणजे काजळी. तिचे कण इतके बारीक की माणसाच्या केसाच्या जाडीत असे शेकडो कण शेजारी शेजारी मावतील. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून डिझेलच्या धुराचा संबंध नुसत्या दम्याशी नाही, हृदयविकाराशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू त्याच गटात आहे.

हे वाचून घाबरून जाऊ नये. पुण्या-मुंबईच्या चौकात हजार गाड्या एकाच वेळी धूर सोडतात. येलदरीत धरणावरून येणारा वारा मोकळा आहे, रस्त्यावर गाड्या मोजक्या आहेत. खरे सांगायचे तर आपल्या भागात चुलीचा धूर आणि घरातल्या माणसाची बिडी यांनी जितकी छाती खराब केली, तितकी कुठल्या गाडीने केली नसेल. धोका आहे तो जवळून मिळणाऱ्या धुराचा. अंगणात सुरू ठेवलेली गाडी, बंद गॅरेज, मागच्या सीटवर बसलेले मूल. चारचौघांत विरून जाणारा धूर वेगळा आणि घराच्या उंबऱ्यात कोंडलेला धूर वेगळा.

"पण साहेब, पीयूसी आहे ना गाडीचं," असे त्या गृहस्थांनी मध्येच सांगितले. पुष्कळांचा हाच समज असतो. डिझेल गाडीचे पीयूसी करताना गाडी जागेवर उभी करून, गिअर न टाकता ॲक्सिलरेटर दाबतात आणि धूर किती दाट आहे एवढेच यंत्र पाहते. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलाच जात नाही. तो वायू या प्रमाणात डोळ्याला दिसतही नाही. म्हणजे ज्या वायूवरून फोक्सवॅगनचा एवढा गदारोळ झाला, त्याबद्दल हा कागद मुका आहे. त्यातून काही ठिकाणी गाडी न नेताही कागद मिळतो, ते सर्वांना ठाऊक आहे. रस्त्यावर प्रत्यक्ष चालवून धूर मोजण्याची अट आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून आली, आणि तीही नव्या गाड्यांना.

मग जुनी गाडी पाहायची कशी? पहिली गोष्ट, सकाळी लवकर जावे आणि आधी न कळवता जावे. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघावा. तो कोमट लागला, तर गाडी तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली होती असे समजावे, कारण डिझेल इंजिनाचे दुखणे थंड असताना उघडे पडते. सुरू करताना क्षणभर थोडा पांढरा धूर आला तर हरकत नाही, पण गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा रेडिएटरचे पाणी आत शिरते आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, नोझल, पंप, टर्बो यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. चढावर गाडी नेऊन, मागे माणूस उभा करून पाहावे.

त्याहून महत्त्वाचे एक काम जाणत्या मेकॅनिकला सांगावे. इंजिनातला धूर थोडा परत इंजिनात फिरवून उष्णता कमी करणारी ईजीआर नावाची एक झडप असते. तिच्यामुळेच नायट्रोजन ऑक्साइड आटोक्यात राहतो. ती काजळीने चोंदते, मग पिकअप कमी होतो, आणि कुणीतरी पत्र्याची चकती लावून ती कायमची बंद करून टाकतो. मालक खूश होतो, कारण गाडी पळते. पण तपासणीवाल्यांना चकवण्यासाठी मोठ्या कंपनीने संगणकात जे केले, तेच हा गॅरेजमध्ये चकतीने करतो. तशीच गोष्ट सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. त्यातल्या किमती धातूंसाठी तो कापून विकतात आणि त्या जागी नुसती नळी जोडतात. गाडीखाली वाकून पाहिल्यावर नवी वेल्डिंग दिसली तर विचारावे. बीएस-६ गाडी, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची असेल, तर काजळी अडवणारी जाळी जागेवर आहे का हेही पाहावे.

परत मागवलेल्या गाड्यांच्या बाबतीत जुन्या सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीची २००८ ते २०१५ मधली डिझेल गाडी असेल, तर चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे की तो बदल झाला आहे का. टॅव्हेराला ही सोय पूर्वीसारखी राहिलेली नाही. तिथे मागच्या मालकाची फाइल हाच आधार. फाइल नसेल तर इंजिन बाहेरच्या चांगल्या मेकॅनिककडून तपासून घ्यावे आणि तो खर्च किमतीतून वजा करावा.

दिल्लीकडच्या गाड्यांविषयीही सांगतो. हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, नंतर तिच्यात फेरफार होत गेले. त्या धास्तीने तिकडच्या पुष्कळ गाड्या एजंटांमार्फत बाहेरच्या राज्यांत गेल्या. गाडी चकचकीत असते आणि स्वस्तही मिळते. तिचे आरसी बुक, ना-हरकत पत्र पाहावेच, पण एअर फिल्टर आणि ईजीआर आधी उघडून पाहावेत.

गाडी घेतल्यावरचे आरोग्य मालकाच्या हातात असते. ऑइल, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर वेळेवर बदलावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ इतकी की पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच एअर फिल्टर भरतो. गाडी गरम होण्यासाठी दारात दहा मिनिटे सुरू ठेवण्याची सवय पुष्कळांना आहे. तिची गरज नाही. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले दोन किलोमीटर हळू चालवावी. गाडी लावताना सायलेन्सरचे तोंड घराकडे नको, रस्त्याकडे असावे.

मागचे दार उघडे ठेवून, दोन माणसे पायरीवर लटकत चाललेल्या जीप आपण रोज पाहतो. पडण्याचा धोका सर्वांना कळतो. पण धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर त्या उघड्या दारातून आत ओढला जातो, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. मागे बसलेल्यांना मळमळ, डोकेदुखी होते आणि "गाडी लागली" म्हणून सोडून दिले जाते. डिकीचे रबर फाटले असेल किंवा सायलेन्सरला भोक पडले असेल, तरी हेच घडते. लहान मुलांना शक्यतो मधल्या सीटवर बसवावे आणि पुढे धुराची ट्रक असेल तर बाहेरची हवा आत येणारा झरोका बंद करावा.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या टेबलावर वारंवार येते. टाकीतून डिझेल काढायला नळी तोंडात धरून ओढणे. एखादा घोट जातो, ठसका लागतो आणि थोडे डिझेल फुप्फुसात उतरते. काही तासांत ताप, खोकला, दम सुरू होतो. हा रासायनिक न्यूमोनिया असतो आणि तो जिवावर बेतू शकतो. अशा माणसाला मीठ-पाणी पाजून उलटी मुळीच करवू नये, कारण उलटीबरोबर डिझेल पुन्हा छातीत जाते. सरळ दवाखाना गाठावा. हातपंपाची नळी स्वस्तात मिळते. गॅरेजमधल्या पोरांनी डिझेलने हात धुण्याचेही सोडावे. कातडी फाटते, इसब होतो, मग मलमे लावत बसावे लागते.

त्या गृहस्थांना मी गाडी घ्या किंवा घेऊ नका असे सांगितले नाही. भाच्याला घेऊन पहाटे जा, एवढेच सुचवले. परवा ते मुलाला दाखवायला पुन्हा आले. बॉनेट गरमच होते म्हणे. दुसऱ्या दिवशी न सांगता गेले, तेव्हा गाडीने गल्लीभर निळा धूर सोडला. सौदा मोडला. आता जिंतूरमध्ये एक दुसरी गाडी पाहून ठेवली आहे, पावत्यांच्या फाइलसकट. ईजीआर साफ करून घेण्याच्या अटीवर. मुलाचा रात्रीचा खोकला कमी आहे. गाडी आली तर ती अंगणात नाही, समोरच्या लिंबाखाली उभी करायची, हे घरात मुलाच्या आजीने आधीच ठरवून टाकले आहे.