चहा, फांट आणि काढा



चहाविषयीं भाषण ऐकण्याची आपणांस गरज ती काय, असें कोणी विचारील. ठाणें, डोंबिवली, कल्याण या गांवांत पहांटेची गाडी धरणाऱ्या नोकरदारापासून तों निवांत वर्तमानपत्र वाचणाऱ्या निवृत्त गृहस्थापर्यंत चहावांचून ज्याचा दिवस उजाडतो असा मनुष्य विरळा. परंतु जी गोष्ट आपण नित्य करतों, तिचाच विचार आपण सर्वांत कमी करतों. आलें, गवती चहा, वेलची, तुळस, पुदिना हे सारे पदार्थ आपण एकाच भांड्यांत एकाच वेळीं टाकतों, सारखेच उकळतों, आणि मग चव साधली तर आपला हातगुण व बिघडली तर गवळ्याचें दूध, अशी वांटणी करून मोकळे होतों. यामागें कांहीं शास्त्र आहे, आणि तें घरच्या ओट्यावर पडताळून पाहतां येण्याइतकें सोपें आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. 'चहा' हा शब्द मूळचा चिनी 'चा'. खुष्कीच्या मार्गानें तो इराणांत गेला आणि समुद्रमार्गानें पोर्तुगीजांच्या तोंडीं बसला. खरा चहा म्हणजे एका विशिष्ट झुडपाचीं कोंवळीं पानें. काळा, हिरवा, पांढरा हे सर्व चहा त्या एकाच झुडपाचे. भेद आहे तो पानें सुकविण्याच्या व आंबविण्याच्या रीतींत. आसामांत हें झुडूप रानटी अवस्थेंत असल्याचें इ. स. १८२३ मध्यें रॉबर्ट ब्रूस याला तेथील सिंगफो लोकांकडून कळलें, आणि १८३९ मध्यें आसामच्या चहाचा पहिला लिलांव लंडनमध्यें झाला. गवती चहा मात्र या कुळांतला नव्हे. तें एक गवत आहे. रोशा गवताचा तो भाऊबंद. तुळस, पुदिना, सुंठ यांच्या पेयांनाही आज 'हर्बल टी' म्हणतात, पण त्यांत चहा नसतोच. हा भेद केवळ व्याकरणाचा नाहीं. खऱ्या चहांत कॅफीन असतें, या वनस्पतींत तें नसतें. रात्रीं झोंप न लागण्याची तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानीं धरावें; कारण सायंकाळीं घेतलेल्या चहांतील कॅफीनचा बराच अंश निजण्याच्या वेळींही शरीरांत शिल्लक असतो.

चहांत मसाला घालणें ही आपली रीत जुनी, अस्सल व थोडी बंडखोर आहे. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं आली व पुढील वर्षीं १ मे रोजीं ती कल्याणपर्यंत पोंचली. परंतु चहा सामान्य घरांत शिरला तो त्यानंतर कित्येक वर्षांनीं, मळेवाल्यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मोठ्या हिरिरीनें केलेल्या प्रचारामुळें. गंमत अशी कीं, आलें-वेलची घालून आणि दूध-साखर वाढवून केलेला चहा त्या प्रचारकांना मुळींच पसंत नव्हता. मसाला वाढला म्हणजे चहाची पत्ती कमी खपते, हें त्यांचें दुःख! आपल्या लोकांनीं उपदेश ऐकून घेतला आणि आलें ठेंचण्याचें काम चालूच ठेवलें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. वनस्पतींतील गुण पाण्यांत उतरविण्याच्या ज्या रीती आयुर्वेदांत सांगितल्या आहेत, त्यांपैकीं तीन आपल्या कामाच्या आहेत: क्वाथ, फांट आणि हिम. शार्ङ्गधरसंहितेंत त्यांचीं प्रमाणेंही दिलीं आहेत. क्वाथ म्हणजे काढा. एक भाग औषधीस सोळा भाग पाणी घालून एक अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाचें. फांट म्हणजे एक भाग भरडीवर चार भाग कढत पाणी ओतून, मुरवून गाळावयाचें. हिम म्हणजे एक भागास सहा भाग थंड पाणी घालून रात्रभर भिजत ठेवावयाचें. औषधाचीं हीं प्रमाणें रोजच्या पेयास फार कडक होतील. आपण घ्यावयाचें तें त्यांतील तत्त्व. तें असें: कठीण मुळें, साली व सुंठ उकळावीं, नाजूक पानें व फुलें मुरवावींत, आणि वाळा, धने यांसारखे शीतल पदार्थ भिजवावेत.

याचें कारण सरळ आहे. पानांचा सुवास त्यांतील उडून जाणाऱ्या तेलांत असतो. गवती चहाच्या तेलांत लिंबाचा वास देणारें सिट्रल नांवाचें द्रव्य मोठ्या प्रमाणांत असतें. तुळशींत युजेनॉल असतें, आणि लवंगेचा वासही त्याचाच. हीं तेलें वाफेबरोबर निघून जातात. गवती चहा उकळतांना वास घरभर दरवळला कीं आपल्याला आनंद होतो. पण जो वास जिन्यापर्यंत गेला तो पेल्यांतून वजा झाला, हा हिशेब आपण मांडीत नाहीं. म्हणून पातीचे कात्रीनें बारीक तुकडे करावेत, पाणी कढल्यावर तें उतरवून त्यांत टाकावेत, आणि वर झांकण ठेवून पांच मिनिटें थांबावें. पुदिना, तुळस व ठेंचलेली वेलची यांनाही हाच नियम.

आल्याची गोष्ट वेगळी. त्याचा तिखटपणा उकळण्यानेंच नीट उतरतो. शिवाय ताज्या आल्यांत दूध नासविणारें एक पाचक द्रव्य असतें. चीनच्या दक्षिण भागांत याच गुणाचा उपयोग करून गरम दूध आल्याच्या रसावर ओततात व त्याची खरवसासारखी वडी जमवितात. आपणांस मात्र चहाचा खरवस नको असतो! यास्तव आलें ठेंचून आधीं पाण्यांत चार-पांच मिनिटें खळखळून उकळावें. त्या उष्णतेनें तें द्रव्य निकामी होतें. मग पत्ती घालावी आणि दूध सर्वांत शेवटीं. आलें वाळून सुंठ झाली कीं त्यांतील तिखट द्रव्याचें रूपांतर अधिक जहाल द्रव्यांत होतें. म्हणून सुंठ चिमूटभरच पुरते.

मुलांस शास्त्राची गोडी लावण्यासहि हा ओटा उपयोगी आहे. कोऱ्या चहांत लिंबू पिळलें कीं त्याचा रंग उजळतो. आम्लामुळें त्यांतील रंगद्रव्यांत फरक पडतो. गॅलरीच्या गजांवर चढविलेल्या निळ्या गोकर्णाचीं चार-पांच फुलें कढत पाण्यांत टाकलीं तर पाणी निळें होतें, आणि लिंबाचे थेंब पडतांच तें जांभळें दिसूं लागतें. शाळेंतील लिटमस कागदाचा धडा असा घरींच पाठ होतो.

आतां एका गंभीर गोष्टीकडे आपलें लक्ष वेधतों. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पांचव्या फेरींत देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. याचीं कारणें अनेक आहेत आणि सारा दोष चहाचा खासच नाहीं. परंतु खऱ्या चहांतील तुरट द्रव्यें भाजी, डाळ, भाकरी यांतील लोह शरीरांत शोषलें जाण्यास अडथळा करतात, हें निश्चित आहे. आपल्याकडे सर्वांचे डबे भरून, पोळीचा तुकडा चहांत बुडवून, उभ्याउभ्यांच न्याहारी उरकून गाडी गांठणारी गृहिणी घरोघर आहे. तिच्या आहारांत आधींच थोडें असलेलें लोह अशा रीतीनें आणखी घटतें. चहा सोडा असें मी म्हणत नाहीं. तो जेवणाबरोबर न घेतां तासभर अंतरानें घ्यावा, आणि जेवणांत लिंबाची एक फोड असूं द्यावी. लिंबानें लोह शोषण्यास मदत होते. घरांतील पुरुषमंडळींनीं ही सूचना केवळ सांगूं नये. सकाळचीं चार कामें स्वतः उचलावींत, म्हणजे तिला तासाचें अंतर ठेवण्यास तास तरी मिळेल.

सुवासिक पेयांचे गुण सांगतांना अतिशयोक्ति करूं नये, हेंही सांगणें अवश्य आहे. इ. स. २०२० च्या करोनाच्या साथींत केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानें तुळस, दालचिनी, मिरीं, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसांतून एकदां-दोनदां घ्यावा असें सुचविलें होतें. कित्येक घरांनीं 'एकदां-दोनदां' एवढे दोन शब्द गाळून बाकीचें सर्व निष्ठेनें पाळलें, आणि छातींतील जळजळ पदरांत पाडून घेतली! ज्येष्ठमध घशास बरें वाटवितें, पण नित्य सेवनानें रक्तदाब वाढवितें. बाजारांतील जाड सालीच्या दालचिनींत यकृतास त्रासदायक असें एक द्रव्य असतें. तीही रोज मूठभर वापरण्याची वस्तु नव्हे. औषधें चालू असलेल्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारावें. घसा शेकणें, मन प्रसन्न करणें, साखरेवांचून चव देणें, एवढें या पेयांनीं केलें तरी तें थोडें नाहीं.

शेवटीं खर्चाचा विचार. सुबक वेष्टनांतल्या पुड्यांना जी किंमत पडते, तींत आपल्या स्टेशनाबाहेर गवती चहाच्या कितीतरी जुड्या येतात. त्यांतील पांढऱ्या बुडख्याच्या चार काड्या निवडून पेल्यांतील पाण्यांत उभ्या कराव्यात. मुळें फुटलीं कीं उन्हाच्या गॅलरींत कुंडींत लावाव्यात. हें गवत आपल्याकडे क्वचितच फुलतें. त्याचा ठोंब फोडूनच नवें रोप करावयाचें असतें. म्हणजे ज्याच्या घरीं तें आहे, त्यानें दुसऱ्यास दिल्याशिवाय तें पसरत नाहीं. पूर्वीं चाळीच्या मागल्या दारीं एकाचा गवती चहा सगळ्यांचा असे. आज चाळींच्या जागीं उंच इमारती आल्या. पण ठोंब वाढून कुंडी भरली कीं शेजारच्या दारावरची घंटा वाजविण्यास आपणांस एक चांगलें निमित्त मिळतें. तें वायां दवडूं नये, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.