पन्हाळ्याआडचे चित्र : घरावरील अँटेनाची जोडणी आणि उभारणी

आपल्या वसतिगृहातील मुले सुटीत घरी गेली की त्यांच्या पालकांचे फोन आम्हाला येतात. मुलाच्या अभ्यासाची चौकशी होते आणि फोन ठेवता ठेवता एखादा पालक विचारतो, "सर, घरावर छत्री बसवायची आहे. तोंड कुणीकडे करायचे?" शाहूवाडी तालुक्यातील अनेक वाड्या डोंगराच्या कुशीत आहेत आणि तिथे मोबाईलची रेंज आजही भरवशाची नाही. त्या घरांच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नव्हे. त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून स्मरणिकेची ही पाने आम्ही त्यासाठी वापरीत आहोत. इतिहास शिकविणाऱ्याने अँटेनावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण अँटेनालाही इतिहास आहे आणि तो आपल्या घराघरांतून गेलेला आहे.

अंगणातून पाहिलेले चित्र

भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे दहा-बारा वर्षे दूरदर्शन हे मोठ्या शहरांचेच राहिले. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले, १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ पासून देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहू लागली. दिल्लीहून उपग्रहामार्फत आलेला कार्यक्रम ही केंद्रे आसपासच्या १५ ते २५ किलोमीटरच्या परिघात पसरवीत.

आमच्या वाडीत त्या वेळी एकाच घरी टीव्ही होता. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी त्या घरासमोर गाव जमू लागले. आम्ही वस्तीवरची मुले अंगणात उभे राहून खिडकीतून पाहत असू. कोणी कोणाला हाकलले नाही, परंतु सतरंजीवर कोणी बसायचे, उंबऱ्याशी कोणी टेकायचे आणि अंगणात कोणी उभे राहायचे हे न बोलता ठरलेले होते. पावसाची सर आली की आतले लोक खिडकी लावून घेत आणि आमचे चित्र तिथेच संपे.

मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपानंतर आमचे वडील गावी परतले होते. १९९० च्या आरंभी त्यांनी एक जुना कृष्णधवल संच विकत आणला. संच आला, पण त्यावर चित्र येईना, नुसत्या मुंग्या दिसत. संच घेणे पैशाने झाले होते. चित्र मिळविण्यासाठी मात्र अँटेना समजून घेणे भाग होते.

पन्हाळा आडवा का येई

दूरदर्शनच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. प्रक्षेपकाचा मनोरा आणि आपली अँटेना यांच्यामध्ये आडोसा नसेल तर चित्र स्वच्छ येते. मलकापूरहून कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर, आग्नेय दिशेला आहे. म्हणजे कमी शक्तीच्या केंद्राच्या पल्ल्याच्या आपण आधीच बाहेर. त्यात नकाशावर मलकापूर ते कोल्हापूर रेघ ओढली तर साधारण निम्म्या वाटेवर ती पन्हाळ्याला लागूनच जाते. समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून अधिक उंचीचा हा डोंगर. १६६० च्या पावसाळ्यात शिवाजी महाराज याच गडावरचा वेढा चुकवून आपल्या भागातून विशाळगडाकडे गेले, हे आपण वर्गात शिकतो. तोच गड आमच्या चित्राच्या वाटेत उभा होता.

तरीही थोडे चित्र मिळे, कारण डोंगराच्या कडेवरून जाताना लहरी किंचित खाली वळतात. हा वळलेला अंश फार क्षीण असतो आणि तो सर्वत्र सारखा पोहोचत नाही. म्हणून एकाच घराच्या पुढल्या पाख्यावर मुंग्या आणि मागल्या पाख्यावर चेहरे दिसत. जवळच्या दुसऱ्या डोंगरावर आपटून आलेली लहर किंचित उशिरा पोहोचे आणि पडद्यावर प्रत्येक माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली उभी राही. अँटेनाची जागा शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. एक जण कौलावर बांबू धरून, एक जण दारात, एक जण संचासमोर. "दिसतंय का?" "नाही!" "आता?" हा संवाद त्या काळी प्रत्येक वाडीत ऐकू येई.

काड्यांचे गणित

माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी ती ॲल्युमिनियमची अँटेना जपानमधील तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांच्या १९२६ च्या सुमाराच्या संशोधनातून आलेली आहे. तिच्यात तीन प्रकारच्या काड्या असतात आणि प्रत्येकीचे काम वेगळे असते.

पहिली मुख्य काडी. ही लांबट कडीसारखी वळवून दुहेरी केलेली असते आणि संचाकडे जाणारी वायर हिलाच जोडतात. हिची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्म्याहून किंचित कमी ठेवावी लागते. हिशेब सोपा आहे. ३०० ला वारंवारतेने, म्हणजे मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये येते. तिच्या निम्म्यातून सुमारे पाच टक्के वजा करावे. चौथ्या चॅनेलची मध्य वारंवारता ६४.५ मेगाहर्ट्झ, म्हणून त्याची मुख्य काडी सुमारे २.२ मीटर होते. पाचव्या चॅनेलची १७७.५ मेगाहर्ट्झ, म्हणून त्याची काडी जेमतेम ८० सेंटिमीटर. दुकानदार आधी "कोणत्या चॅनेलची पाहिजे?" असे विचारीत, ते याच कारणाने. एका चॅनेलच्या मापाची अँटेना दुसऱ्या बँडच्या चॅनेलला फारशी उपयोगी पडत नाही.

दुसरी मागची काडी. ही मुख्य काडीहून सुमारे पाच टक्के लांब असते आणि मागे निसटणारी लहर पुन्हा पुढे परतविते. तिसऱ्या प्रकारच्या पुढच्या काड्या. त्या मुख्य काडीहून थोड्या आखूड असतात आणि समोरून येणारी लहर मुख्य काडीकडे एकवटतात. म्हणून आखूड काड्यांचे टोक नेहमी केंद्राकडे असावे. अनेक घरांवर अँटेना उलटी बसविलेली असे आणि घरचे लोक संचाला दोष देत. दूर अंतरासाठी पुढच्या काड्यांची संख्या वाढवितात. त्याने चित्राला जोर येतो, परंतु दिशा अधिक काटेकोर साधावी लागते.

उभारणीतील दक्षता

आमची पहिली अँटेना बांबूवर होती आणि ती पहिल्याच पावसाळ्यात वाऱ्याने आडवी झाली. चूक आमचीच होती. आम्ही बांबूला एकाच बाजूने ताण दिला होता. पुढे लोखंडी गॅल्व्हनाइज्ड पाईप आणला, तो भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळला आणि तीन दिशांना तारेचे ताण दिले. तेव्हापासून तो पाईप हललेला नाही.

चार गोष्टी जुन्या अँटेनालाही लागू होत्या आणि आजच्या छत्रीलाही आहेत. एक, विजेच्या तारांपासून दूर राहावे. पाईप उभा करताना तो कोणत्याही बाजूला कोसळला तरी तारेला लागणार नाही, एवढे अंतर राखावे. या एका हलगर्जीपणात माणसे दगावली आहेत. दोन, पाईपाला जाड तार जोडून ती स्वतंत्रपणे जमिनीत पुरलेल्या सळईपर्यंत न्यावी आणि ढग गडगडू लागताच संचाची पिन व वायर दोन्ही काढून ठेवावी. तीन, वायरीचा जोड उघडा ठेवू नये. पाणी शिरले की तांबे हिरवे पडते आणि चित्र महिन्या-दोन महिन्यांत फिके होत जाते. घरात शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. चार, ओल्या कौलांवर चढू नये. पावसाळ्यापूर्वीच सारे काम उरकावे.

त्या वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. राष्ट्रपती आर. व्यंकटरमण यांच्याकडून माईसाहेब आंबेडकर तो सन्मान स्वीकारीत आहेत, हे दृश्य आम्ही आमच्याच घरात, आमच्याच सतरंजीवर बसून पाहिले. चित्र मुंग्यांनी भरलेले होते. वस्तीवरची चाळीसएक माणसे दाटीवाटीने बसली होती आणि त्या दिवशी अंगणात कोणीही उभे नव्हते.

आजची छत्री

२०२१ आणि २०२२ मध्ये दूरदर्शनचे बहुतेक सर्व जुने जमिनीवरील प्रक्षेपक बंद झाले. काड्यांची अँटेना आता आपल्या भागात चित्र देत नाही. तिची जागा छत्रीने घेतली आहे. दूरदर्शनची मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि आज ती 'डीडी फ्री डिश' या नावाने ओळखली जाते. छत्री, एलएनबी, वायर आणि सेट टॉप बॉक्स एकदा घेतला की मासिक वर्गणी नाही.

हे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी त्याची गती जुळलेली असल्याने तो आपल्याला एकाच जागी स्थिर भासतो. मलकापूरहून त्याची दिशा काढली तर मोबाईलच्या होकायंत्रावर ती साधारण १३० अंश, म्हणजे आग्नेय येते. आम्ही हा हिशेब प्रथम केला तेव्हा थबकलो, कारण कोल्हापूरचीही दिशा जवळजवळ तीच आहे. जुनी अँटेना जिकडे तोंड करून होती, तिकडेच छत्रीचेही तोंड करायचे. फरक उंचीचा आहे. हा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर आहे आणि त्यामुळे पन्हाळा आता वाटेत येत नाही. वाटेत येऊ शकतो तो दारातला फणस किंवा शेजारचा माळा, तेवढा पाहून घ्यावा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या छत्रीची एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असते, त्यामुळे छत्री दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर 'पाहत' असते. छत्रीचा चेहरा ३५ ते ४० अंश वर झाला म्हणजे ती ६० अंशांवर पोहोचली असे समजावे. प्रथम पाईप ओळंब्याने तपासावा. पाईप कललेला असेल तर पुढचे सारे माप चुकते. मग छत्री अंदाजाने वळवून बॉक्सवरील सिग्नलचे पान उघडावे. 'स्ट्रेंथ'चा आकडा पाहू नये, तो छत्री चुकीच्या दिशेला असतानाही दिसतो. 'क्वालिटी'चा आकडा पाहावा. छत्री बोटभर फिरवून दोन-तीन सेकंद थांबावे, मग पुन्हा बोटभर. क्वालिटी सर्वाधिक झाली की एलएनबी तिच्या पकडीत थोडी डावी-उजवीकडे फिरवून पाहावी आणि शेवटी सर्व नट आवळावेत. आवळताना छत्री हलते, म्हणून आकडा पुन्हा तपासावा.

पावसाचा अडथळा मात्र आता वाढला आहे. जुनी लहर दीड-दोन मीटरची किंवा त्याहून लांब होती, तिला पावसाचे थेंब जाणवत नसत. उपग्रहाची लहर अडीच-तीन सेंटिमीटरची आहे आणि मुसळधार पाऊस तिला शोषून घेतो. जुने चित्र मुंग्यांनी फिके होई, आजचे चौकोन पडून एकदम गोठते. ६० सेंटिमीटरची छत्री चालते, परंतु आपल्या भागातील पाऊस पाहता ७५ ते ९० सेंटिमीटरची घ्यावी. जोराच्या सरीत चित्र गेले तर छत्रीला हात लावू नये. पाऊस ओसरला की ते आपोआप येते.

एका फोनची आठवण

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि वसतिगृहातील मुले आपापल्या वाड्यांवर गेली. ऑनलाइन वर्ग आमच्या निम्म्या मुलांपर्यंतही पोहोचले नाहीत. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. नववीतील एका मुलीने खिंडीपर्यंत चालत येऊन, रेंज मिळवून आम्हाला फोन केला. वाऱ्याने छत्री फिरली होती, धाकटा भाऊ पाचवीत होता आणि दुरुस्तीला यायला कोणी तयार नव्हते. आम्ही तिला १३० अंश, ओळंबा, क्वालिटी आणि बोटभर फिरवून थांबणे एवढे सांगितले. तिने ते वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिंडीत आली आणि म्हणाली, "सर, दिसतंय."

तेव्हापासून दिवाळीच्या सुटीपूर्वी आम्ही एक तास या कामाला देतो. मुले-मुली शाळेच्या पटांगणात छत्री खोलतात, जोडतात आणि दिशेला लावतात. पालकांनीही त्या दिवशी अवश्य यावे. पूर्वीच्या यागी अँटेना कोणा माजी विद्यार्थ्याच्या माळ्यावर पडून असतील तर त्या शाळेला द्याव्यात. काड्यांचे गणित शिकवायला त्या अजूनही उपयोगी आहेत. आमच्या घरची अँटेना शाळेत आणली आहे. तिचा पाईप मात्र अजून घराच्या भिंतीला आहे आणि आता त्यावर छत्री बसविली आहे.