सह्याद्रीतून सपाटीवर : रात्रीच्या वेगवान धावण्याचे गणित

सोलापूर, प्रतिनिधी

पावसाळा ओसरला की डोंगरात धावणाऱ्या हौशी धावपटूंचा सराव कूस बदलतो. २०१२ पासून होत असलेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन आटोपलेली असते आणि जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन खुणावू लागते. घाटातील चढ-उतारांवरून पुन्हा सपाट डांबरी रस्त्यावर यायचे, तेही अधिक वेगाने. त्यात नोव्हेंबरअखेरीस सोलापुरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्याला सायंकाळी धावायचे तर ते अंधारातच धावावे लागते.

डोंगर सर केलेल्या माणसाला सपाटी म्हणजे विश्रांती, असा एक समज आहे. तो बहुतांशी चुकीचा ठरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील सोलापूर हे पठारावरचे शहर. सात रस्त्यापासून विजापूर रस्त्याला लागले की चढ म्हणावा असा क्वचितच लागतो. गडवाटेवर प्रत्येक पाऊल निराळे पडते. कधी दगडावर, कधी चिखलात, कधी आखूड, कधी लांब. त्यामुळे भार निरनिराळ्या स्नायूंत विभागला जातो. सपाट रस्त्यावर मात्र मिनिटाला १७० ते १८० पावले, जवळजवळ एकाच साच्यातली, तासभर पडत राहतात. तोच सांधा, तीच पोटरी, तीच टाच.

वेगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. चढावर छातीचा भाता जोरात चालतो, पण पाय सावकाश पडतात. काही महिन्यांच्या अशा सरावाने हृदय व फुप्फुसे तयार होतात, उतारांमुळे मांडीचे पुढचे स्नायूही कणखर बनतात. उतरताना हे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. म्हणूनच पहिल्या गडफेरीनंतर दोन दिवस जिना उतरणे नकोसे होते आणि पुढच्या फेरीला तेवढा त्रास होत नाही. वेगाने धावताना मात्र ताण येतो तो मांडीच्या मागच्या स्नायूंवर, पोटरीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर. यांना लांब टांग टाकण्याची सवय राहिलेली नसते. श्वास साथ देतो म्हणून धावपटू वेग वाढवत नेतो आणि पाय दगा देतात. स्नायू काही आठवड्यांत सरावतात. कंडरेला महिने लागतात. दुखापत होते ती बहुधा या दोहोंच्या मधल्या काळात.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे घड्याळ बाजूला ठेवलेले बरे. आठवड्यातून दोनदा, सावकाश धावून झाल्यावर २० सेकंदांच्या चार-सहा झपाझप धावा आणि प्रत्येकीनंतर पुरेशी उसंत, एवढे सुरुवातीला पुरते. त्यानंतर आठवड्यातून एक दिवस २० मिनिटांची सलग, जोमदार पण आवाक्यातली धाव. दोन-चार शब्द बोलता येतील, गप्पा मारता येणार नाहीत, असा तिचा वेग असावा. घाटात किलोमीटरला किती मिनिटे लागली याला फारसा अर्थ नसतो. सपाटीवर तो हिशेब चोख असतो. २१.०९७५ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवायची, तर किलोमीटरला साडेपाच मिनिटांचा वेग धरल्यास १ तास ५६ मिनिटे लागतात. म्हणजे हाताशी शिल्लक चारच मिनिटे.

वेग मागाहून कमावता येतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर आधी लांब पल्ल्याची धावपटू होती. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती अव्वल ठरली होती. पुढे तिने तीन हजार मीटर स्टीपलचेस हा कितीतरी वेगवान प्रकार निवडला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांची वेळ देत अंतिम फेरी गाठली आणि तेथे ती दहावी आली. किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे ७ सेकंद, तेही अडथळे ओलांडून!

आता अंधाराविषयी. शरीराचे तापमान दिवसाच्या उत्तरार्धात, सायंकाळच्या सुमारास सर्वाधिक असते. स्नायू सैल असतात, त्यामुळे वेगवान सरावाला ही वेळ अनुकूल ठरते. तथापि रात्र म्हणजे गारवा, हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करण्यात आली, तरीही दमट उकाड्याने ६८ पैकी २८ जणींना शर्यत अर्धवट सोडावी लागली. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने घाम लवकर वाळतो, ही जमेची बाजू. ऑक्टोबरमध्ये मात्र दिवसभर तापलेले डांबर सूर्यास्तानंतरही बराच वेळ झळा सोडत असते.

डोळ्यांचेही एक शास्त्र आहे. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि समोरून आलेल्या एका मोटारीचा झोत ही कमाई क्षणात घालवतो. शिवाय दूरचे दिसेनासे होऊन पायाजवळचेच तेवढे दिसत असल्याने आपण प्रत्यक्षाहून अधिक वेगाने धावत असल्याचा भास होतो. रात्री घड्याळावर विसंबावे ते यासाठी.

खरा धोका रस्त्यावरचा. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर कापते. गडद कपड्यातला धावपटू चालकाला ५० मीटरवरून दिसला, तर दोघांच्या हाती तीनच सेकंद उरतात. नेमक्या याच महिन्यांत जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू असतो. रिफ्लेक्टर किंवा मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या आणि रस्त्यावर सांडलेला ऊस हे चित्र सोलापूरकरांना नवे नाही. महामार्गावर किंवा कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री धावूच नये, हे उत्तम. शहरात, दिव्यांच्या उजेडात, सिद्धेश्वर तलाव व किल्ल्याच्या परिसरात किंवा होम मैदानाकडे फेऱ्या माराव्यात. फेऱ्या कंटाळवाण्या असतात हे खरे, पण वेग मोजायला त्याच सोयीच्या. रस्त्यावर धावणे अटळ असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. अंगावर चमकपट्टी आणि डोक्याला दिवा हवा. कानातले संगीत बंद. भटकी कुत्री मागे लागल्यास पळण्याऐवजी चालू लागणे हिताचे.

डोंगरासाठी घेतलेले खोल खाचांचे बूट डांबरावर लवकर झिजतात आणि पायही डळमळीत पडतो, तेव्हा सपाटीसाठी निराळा जोड लागतोच. जेवण धावून आल्यावर. भाकरी, भाजी आणि शेंगाचटणी पोटात घेऊन वेगाने धावता येत नाही. मात्र जोरकस सराव आणि झोप यांत निदान दोन तासांचे अंतर हवे, एरवी अंथरुणावर तळमळत पडावे लागते. मुंबईची शर्यत पहाटे, उजाडण्यापूर्वी सुरू होते. त्यामुळे रात्री सराव करणाऱ्यांनी शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत रविवारची लांब धाव तरी पहाटे पाचवर आणावी, म्हणजे पोट, झोप आणि पाय यांना त्या वेळेची ओळख होते.